टायमिंग बेल्टचं काम करायचं असेल तर फोंड्यातलं हे गॅरेज
गोव्यातल्या फोंड्याहून कुर्टीकडे जाताना लागतं ते छोटं गॅरेज, बोर्ड पण धड नाही, पण काम एकदम चोख. माझी डस्टर डिझेल २०१३ची, सेकंडहँड, आणि टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टनांना जोडलेला दांडा आणि कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, या दोघांना एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला त्याची कुठेच नोंद नाही. आधीच्या गॅरेजवाले म्हणायचे किलोमीटर कमी आहेत, चालेल अजून. इथल्या मेस्त्रीने पहिलं विचारलं, गाडी किती सालची? बेल्ट रबराचा, गाडी नुसती उभी असली तरी जुना होतोच, म्हणून मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. नोंदच नसेल तर बदललाच नाही असं समजायचं. "बेल्ट तुटल्यार इंजीन गेलें," एवढंच बोलला, आणि खरंच आहे ते, या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्ववर आपटून व्हॉल्व वाकतात.

नुसता बेल्ट टाकायला तो तयारच नव्हता. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप सगळं एकदम, कारण डस्टरच्या १.५ डीसीआय डिझेल इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो, उद्या पंप गळला की परत सगळं उघडा आणि मजुरी डबल. जुना बेल्ट उलटा वाकवून दाखवला, वरून चांगला दिसत होता पण दातांच्या मुळाशी बारीक चिरा. क्रँक आणि कॅम जागचे हलू नयेत म्हणून लॉक पिना लावूनच काम केलं, खडूच्या खुणांवर नाही, आणि बसवल्यावर पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पिना परत बसतात का बघितलं, मगच स्टार्टर मारला. हे बघायला मिळालं म्हणून मी पाच स्टार देतोय.

बेल्टचं किट मागवावं लागतं, त्यामुळे आधी फोन करून जा. बसायला जागा नाही.

भावोजींची स्विफ्ट डिझेल पण दाखवली, तिला बेल्टऐवजी चेन आहे, आवाज ऐकून सरळ सांगितलं की काही करायची गरज नाही, ऑइल वेळेवर बदला, थंड इंजिन सुरू करताना खडखड आली तर या. पैसे घेतले नाहीत.

आणि जुनी २.५ इनोव्हा चालवणाऱ्या टॅक्सीवाल्यांनो, तुमच्या गाडीला बेल्टच आहे, डॅशवर टी-बेल्टचा (टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली सांगणारा) दिवा लागला की तो नुसता रिसेट करून अनमोड घाटात जाऊ नका, आधी बेल्ट बदलून घ्या.