तूप सुटल्यावर काय: घाण्याचं तेल की कुटलेली चटणी?

ज्यांचं दुधाबरोबर तूपही सुटलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नुसता लॅक्टोजचा त्रास असेल तर बहुतेकांना तूप चालतं, कारण लोणी कढवल्यावर लॅक्टोज जवळजवळ उरतच नाही. त्यांनी उगाच डोकं शिणवू नये. पण दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल, किंवा ठरवून सगळंच सोडलं असेल, तर पुढचा प्रश्न खरा आहे.

आमच्या सांगली जिल्ह्यात तो जरा जास्तच विचारला जातो. भिलवडीसारखी दुधावर नाव कमावलेली गावं इथलीच. तूप नको म्हटलं की पंक्तीतलं कुणीतरी हमखास विचारतं, 'मग अंगाला लागायचं काय?' चिडू नये, कारण विचारणाऱ्याचं थोडं बरोबर असतं. दूध, दही, लोणी, तूप एकदम गेलं की रोजच्या पोटातली चरबी खरंच घटते. चार वाजता भूक लागते आणि ती जागा फरसाण भरून काढतं. गाजरातलं, पालेभाजीतलं कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) अंगी लागायलाही जेवणात थोडी चरबी लागतेच.

नारळाचा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. चव छान, पण खोबरेल तेलात संपृक्त चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, तुपाहूनही जास्त, नव्वद टक्क्यांच्या आसपास. आमटीत चवीपुरतं खोबरं घाला, तुपाच्या जागी त्याला बसवू नका. म्हणजे आपल्याकडे परवडणारे आणि सहज मिळणारे दोनच मार्ग उरतात: ताटात वरून घेतलेलं घाण्याचं तेल, नाहीतर तेलबियांची चटणी.

तेलाची बाजू भक्कम आहे. छोट्या चमचाभर तेलात साडेचार ग्रॅम चरबी, म्हणजे चाळीसेक कॅलरी. कुटायला नको, भाजायला नको. शेंगतेलात साधारण निम्मं ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात मुख्य असतं तेच. जिल्ह्याच्या पूर्वेला जतकडच्या माणसाला करडईचं तेल जवळचं वाटेल. हलकं असतं, पण त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश ओमेगा-६. ही शरीराला लागणारी, पण रोजच्या तेलांतून एरवीही मिळणारी चरबी. ओमेगा-३ ही तशीच लागणारी, पण सहज न मिळणारी चरबी दोन्हींत नावालाच. गरम भाकरी, वर कांदा-लसूण चटणी आणि कच्चं शेंगतेल, यापुढे घरच्या जेवणात तूप मला फारसं आठवत नाही, हे कबूल.

अडचण घराबाहेर येते. मी दुपारचं जेवतो डब्यातलं. सकाळी भाकरीला तेल लावून नेलं तर दुपारपर्यंत ते मुरून भाकरी कडेला कडक आणि मध्ये ओशट होते. वेगळ्या बाटलीत नेलं तर झाकण कितीही आवळा, तेल वाट काढतंच. पिशवीला डाग, कागदांना डाग, आणि तो खवट वास धुऊनही जात नाही. शेवटी माणूस तेल न्यायचंच सोडतो आणि दुपारची भाकरी नुसत्या भाजीशी खातो. तूप निदान थिजून डबीत गप बसायचं. बाकी सगळे गुण-दोष मी सोसले असते. ही रोजची कटकट नाही सोसवली.

कोरडी चटणी हा त्यावर उपाय वाटतो, पण मिक्सरमधून काढलेली भुकटी घशाखाली उतरत नाही आणि वर तेल मागते. म्हणजे पुन्हा बाटली! उत्तर कुटण्यात आहे. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं उखळात किंवा खलबत्त्यात कुटत राहिलं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणीचा ओलसर गोळा होतो. डबीत दाबून भरा, सांडत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी मिक्सर थांबून थांबून फिरवावा, बऱ्यापैकी जमतं.

शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के चरबी, तिळात तशीच, जवसात चाळीसच्या आसपास. पण जवसाच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ असतो, जो वरच्या दोन्ही तेलांत मिळत नाही. शिवाय बियांबरोबर चोथा आणि प्रथिनंही येतात, म्हणून असेल, पण माझं तरी चार वाजताचं फरसाण सुटलं. तीळ घ्यायचे तर सालासकट घ्या, दूध गेल्यावर कॅल्शियमलाही तेवढाच हातभार. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोणी नसतं, तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटतं. त्याला इलाज नाही.

चटणीचेही तोटे आहेत. दोन छोटे चमचे तुपाइतकी चरबी हवी तर वीसेक ग्रॅम चटणी खावी लागते, आणि तिच्याबरोबर मीठही जातं. मीठ निम्म्यावर आणा, रक्तदाब असेल तर आणखी कमी. काळपट, बुरसट वासाचे दाणे भाजून खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजण्याने पुरतं जात नाही. आणि शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्व या दोन्हींतून मिळणार नाही, ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा तिखट न खाणाऱ्या पोराला मऊ भातावर तेलच बरं. कायम घरीच जेवणाऱ्यालाही तेल पुरेल, वर जवसाची सोय केली की झालं. डबा नेणाऱ्याने मात्र आधी चटणी करून बघावी असं मला वाटतं.

जवस अख्खे खाऊ नका, बरेचसे तसेच बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून दाण्यांबरोबरच कुटा, पण तिसऱ्या हिश्शाच्या वर घालू नका, चटणी तोंडात चिकट लागते. आठवड्याला पुरेल एवढीच करा. कुटलेलं जवस लवकर खवट होतं.