दबलेली नस आणि ७२ हजारांचे पॅकेज

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या कंबरेपासून डाव्या पोटरीपर्यंत कळ मारू लागली. मुलुंडहून फोर्टला लोकलने जाणे हा माझा २६ वर्षांचा परिपाठ, पण त्या दिवसांत स्टेशनचा जिना चढताना मला तीनदा कठडा धरून थांबावे लागे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे धीर धरायला सांगितले. मला तेवढा धीर निघाला नाही. मी परस्पर एमआरआय काढून घेतला आणि ‘एल४-एल५ येथे डिस्क बल्ज, नसेच्या मुळाला स्पर्श’ हे वाक्य, म्हणजे कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगून नसेला टेकली आहे, असे वाचून पुरती घाबरले.

त्याच घाबरलेल्या अवस्थेत मी उपनगरातील एका क्लिनिकमध्ये गेले. ‘ऑपरेशनशिवाय स्पायनल डीकम्प्रेशन’, म्हणजे कण्यातल्या नसेवरचा दाब कमी करणे, अशी त्यांची जाहिरात होती. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी मला तपासण्याच्या टेबलावर झोपवलेसुद्धा नाही. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी पेनाचे टोक एका काळ्या ठिपक्यावर टेकवले आणि म्हणाले, “ताई, ही नस दबली आहे. आज दुर्लक्ष केलेत तर उद्या पाय लुळा पडेल, मग ऑपरेशनला पर्याय नाही.” उपचार अंतराळवीरांच्या पाठीवरील संशोधनातून निघाला असून ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, असे त्यांच्या पत्रकात छापले होते. २४ सत्रांचे पॅकेज ९६ हजारांचे, मात्र आजच नाव नोंदवल्यास ७२ हजारांत. एवढे पैसे जवळ नाहीत म्हटल्यावर काउंटरवरील मुलीने माझा मोबाइल मागितला, आधार आणि पॅनचे फोटो काढले, आलेला ओटीपी मला वाचून दाखवायला सांगितला आणि दहा मिनिटांत दरमहा ८ हजारांचे नऊ हप्ते माझ्या नावावर चढले. ते कर्ज एका वित्तसंस्थेचे आहे आणि क्लिनिकला त्यांची रक्कम मिळून गेली आहे, हे मला पुढे बँकेच्या खात्यातून पहिला हप्ता कापला गेला तेव्हा नीट उमगले.

यंत्र म्हणजे दोन भागांचे टेबल होते. छातीभोवती एक पट्टा, कंबरेभोवती दुसरा, आणि खालचा भाग मोटरवर हळूहळू मागे सरकून कंबर ताणायचा, मग सैल सोडायचा. अर्ध्या तासाचा हा प्रकार. दुखत नव्हते, उलट पडून राहिल्यामुळे बरेच वाटे. नवव्या सत्रानंतर मात्र कंबर अशी धरली की दोन दिवस मला वाकून चूळही भरता येईना. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की डिस्क जागेवर येत असल्याची ती खूण आहे आणि सोबत १८ हजारांचा लेझर घेतला तर फायदा टिकेल.

तिथून मी थेट परळच्या केईएम रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला आधी पंजांवर आणि मग टाचांवर चालायला लावले, पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला, अंगठ्यावर जोर देऊन ताकद तपासली, लघवीवर ताबा आहे ना आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा नाही ना, हे विचारले. या गोष्टी बिघडल्या असत्या तर एक दिवसही न दवडता दाखल व्हावे लागले असते. माझ्या बाबतीत त्यांतले काहीच नव्हते, आणि हे कळायला पाच मिनिटे पुरली.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. सगळे ऐकून ती म्हणाली, “मावशी, अगं हे ट्रॅक्शनच आहे.” माझ्या आईला पूर्वी पालिकेच्या रुग्णालयात वजने टांगून लावत तेच, फक्त मोटर आणि स्क्रीन जोडलेले. शस्त्रक्रियेतही ‘डीकम्प्रेशन’ हाच शब्द वापरतात, पण तिथे नसेवर दाब देणारा भाग प्रत्यक्ष काढला जातो. टेबल फक्त ताणते, आणि तो ताण उठून उभे राहिल्यावर उरत नाही. २०१३ साली वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३२ चाचण्यांतील २,७६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ट्रॅक्शनने कंबरदुखीत किंवा सायटिकात, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेत, फारसा फरक पडत नसल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी ते देऊ नये असेच म्हटले आहे. अंतराळवीरांचे म्हणाल, तर अवकाशात त्यांचा कणा लांबतो हे खरे, पण तिथे त्यांची पाठ दुखते आणि परतल्यावर डिस्क सरकण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्तच आढळते. एमआरआयबाबतही तिने एक गोष्ट सांगितली, ती मला आधी कळती तर मी त्या क्लिनिकची पायरी चढले नसते. १९९४ साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. सायटिकाची बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपसूक ओसरतात.

घरी येऊन मी भिंतीवरचे कालनिर्णय काढले. दुखणे सुरू झाल्यापासून मी रोजच्या चौकोनात दोन शब्द लिहीत होते. ५ जुलैला ‘जिना, एकदाच थांबले’. ९ जुलैला ‘रात्रभर झोप’. आणि ११ जुलैला ‘सत्र पहिले’. उतार आधीच पडला होता, आणि त्याचे पैसे मी यंत्राला मोजत होते.

उरलेल्या १५ सत्रांचे ४५ हजार परत मिळावेत म्हणून मी लेखी अर्ज दिला आणि प्रतीवर पोच घेतली. ‘परतावा नाही’ या कलमावर माझी सही असल्याचे मला दाखवण्यात आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवूनही क्लिनिक बधले नाही, तेव्हा मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. निकाल यायचा आहे. हप्ते मात्र मी भरतच राहिले, कारण ते थांबवले असते तर क्लिनिकचे काही बिघडले नसते, माझा सिबिल स्कोअर बिघडला असता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक काळात दंडाशिवाय बाहेर पडता येते. ती मुदत माझ्या मोबाइलवर आलेल्या इंग्रजी करारात लिहिलेली होती आणि मी तो उघडलाच नव्हता.

अशा ठिकाणी गेलाच असाल, तर पैशांचा विषय निघण्याआधी समोरच्याची पदवी आणि राज्याच्या वैद्यकीय किंवा फिजिओथेरपी परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारा, आणि ओटीपी देण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ द्या. पॅकेज नको, एका सत्राचे पैसे घ्या, असे म्हणून पाहा.

माझ्या शेजारच्या टेबलावर विक्रोळीच्या एक आजी असत. त्यांच्या मनगटाला दिसून येणारा बाक होता. मोरीत नुसत्या घसरल्या आणि हात मोडला, असे त्यांनीच मला सांगितले होते. ठिसूळ हाडांच्या माणसाला असा ताण द्यायचा नसतो हे मला भाचीकडून नंतर समजले. हाडांच्या तपासणीबद्दल त्यांना कुणी काही विचारल्याचे मी तरी कधी ऐकले नाही. त्यांचा फोन नंबर मी घेतला नव्हता. आठवड्याने मी त्यांच्या वेळेला क्लिनिकच्या दारात जाऊन तासभर थांबले, पण त्या दिवशी त्या आल्या नाहीत.