वेरूळ-देवगिरी बघायचंय? लालपरीनंच जा

संभाजीनगर फिरायला जायचंय पण गाडी करावी का एसटीनं जावं यावरून घरात वाद चालू असेल तर हे वाचा. माझं मत एकदम पक्कं आहे. वेरूळ आणि देवगिरी एसटीनं, शहरात रिक्षा, आणि अजिंठ्याला माणसं जास्त असतील तर गाडी केली तरी चालतंय.

आम्ही परभणीचे. आई, मी आणि बहीण, तिघी सकाळच्या रेल्वेनं गेलो. स्टेशनवरून सेंट्रल बसस्टँड जवळच आहे, शेअर रिक्षा मिळते, फक्त बसायच्या आधी "सीटचे किती" हे विचारून घ्यायचं, नाहीतर तो स्पेशल समजून पैसे सांगतो.

आता मेन गोष्ट. स्टँडवर जाऊन वेरूळची पाटी शोधत बसू नका. कन्नड, चाळीसगाव, धुळे असल्या पाट्यांच्या गाड्या त्याच रोडनं जातात, कंडक्टरला एकदा विचारायचं "लेणीला थांबती का" आणि चढायचं. वेरूळ साधारण तीस किलोमीटर, देवगिरी त्याच्या अर्ध्यात. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय त्यामुळं आम्हा तिघींचा जाण्यायेण्याचा खर्च इतका कमी झाला की त्या पैशात भाड्याची गाडी शहराला लागून असलेल्या पाडेगावपर्यंतसुद्धा नसती आली. सुट्टे मात्र जवळ ठेवा.

पण पैसे वाचतात म्हणूनच एसटी म्हणायले असं नाही. खरं कारण वेळेचं आहे. या आधी एकदा आम्ही सगळे एका प्रायव्हेट गाडीनं गेलो होतो, कुणाची ते सांगत नाही. एका दिवसात देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, बीबी का मकबरा, पाणचक्की सगळं दाखवतो म्हणाला. आणि झालं काय, किल्ल्याच्या पायथ्याला उतरल्या उतरल्या "लवकर या" सुरू, कैलास लेण्यात गेलो की दहा मिनिटांत फोन, आणि पैठणीच्या दुकानात मात्र साहेबांना कसलीच घाई नव्हती, तिथं आम्ही उठायलो तर "अजून बघा की ताई" म्हणून आग्रह. हजार-बाराशे वर्षांपूर्वी लोकांनी डोंगर कोरून ठेवलाय आणि तो बघायला दहा मिनिटं! मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. म्हणून यावेळी एक दिवस फक्त वेरूळ आणि एक दिवस फक्त देवगिरी असं ठरवूनच निघालो.

वेरूळला चौतीस लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. बहुतेक लोक सोळा नंबरचं कैलास बघतात, फोटो काढतात आणि निघतात. असं करू नका हो. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, आणि ते वरून खाली खोदत आणलंय, म्हणजे आधी कळस मग पाया. चुकून जास्त दगड उडाला तर परत लावायची सोयच नाही, हे डोक्यात ठेवून मंदिराला एक पूर्ण चक्कर मारा. खालचे हत्ती बघा. मग रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधा. खाली रावण सगळे हात लावून जोर करतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, मागं एक दासी पळत सुटलीय, आणि शंकर एकदम निवांत, पायानं नुसतं दाबून धरलंय. माझी आई त्या शिल्पापुढून हलायला तयार नव्हती. गाडीवाला असता तर तिला ओढून न्यावं लागलं असतं.

दहा नंबर, ज्याला सुतार झोपडी म्हणतात, तेही सोडू नका. छताला लाकडाच्या वाशांसारख्या दगडी कमानी कोरल्यात आणि आत हळू आवाजात काही म्हटलं तरी घुमतं. जैन लेणी जरा लांब पडतात, त्यातली इंद्रसभा बघाच, वय झालेलं माणूस सोबत असेल तर आतल्या गाडीनं जा. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, दुपारी दगड तापतो आणि पाय भाजतात.

घृष्णेश्वर तिथून चालत जाण्यासारखं आहे. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं, लाल दगडाचं. गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट-बनियन काढून जावं लागतं. श्रावणात आणि सोमवारी गर्दी खूप असते. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांची गढी इथंच आहे, तीही बघून घ्या.

परत येताना रोडवर उभं राहायचं, एसटी नाही आली तर काळी-पिवळी जीप येते. काळी-पिवळीत माणसं लई कोंबतात, आई सोबत होती म्हणून आम्ही थांबून एसटीच धरली.

देवगिरीचं सांगायचं तर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हत्ती हौद आणि चांद मिनारपर्यंत जावं, तेवढ्यातही पैसे वसूल. पुढं चिनी महाल, जिथं औरंगजेबानं गोवळकोंड्याचा सुलतान तानाशहा याला कैदेत ठेवलं होतं. मग बुरुजावरची मेंढा तोफ, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, लेकरांना फार आवडतं. मग खंदक आणि मग अंधारी. अंधारीत खरंच मिट्ट काळोख, पायऱ्या वळत वळत वर जातात, वटवाघळांचा वास येतो, मोबाईलची टॉर्च लागतेच. शत्रू आत शिरला तर त्याचं काय होत असेल हे तिथं उभं राहिल्यावर पुस्तकापेक्षा जास्त समजतं. पाणी भरपूर न्या. सीझन असेल तर खाली सीताफळं घ्या.

शहरात भडकल दरवाजा (१६१२ चा, मलिक अंबरनं बांधलेला), पाणचक्की आणि मकबरा रिक्षानं अर्ध्या दिवसात होतात. मकबऱ्याला लोक "ताजमहालची कॉपी" म्हणून नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आईसाठी, दिलरस बानूसाठी बांधली असं सांगतात, संध्याकाळी जा आणि तिच्यासाठी म्हणून बघा. तिथून गुलमंडीवर जाऊन इमरती खा.

अजिंठा शंभर किलोमीटरवर, त्याला पूर्ण वेगळा दिवस द्या. जळगावकडं जाणाऱ्या एसटीनं फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरायचं. स्वतःची गाडी असली तरी ती तिथंच लावावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनंच जावं लागतं.

आणि वार बघून निघा, अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आमच्यासमोरच अजिंठ्याच्या नादात सोमवारी आलेलं लातूरचं एक कुटुंब स्टँडवर ताटकळत बसलं होतं, त्यांना आम्ही सांगितलं की आज वेरूळ चालू आहे, समोरच्या कन्नड गाडीत बसा.