मान-खांदेदुखी: रबरी पिशवी, जेल, नवी उशी की थेट फिजिओ?

मान आखडली म्हणून फार्मसीत गेलात, तर काउंटरवर हमखास तीन वस्तू पुढे येतात: डायक्लोफेनॅक या वेदनाशामक जेलची ट्यूब, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि मानेचा पट्टा. त्यातला पट्टा परत ठेवायला सांगा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावलेला पट्टा पहिले दोन-तीन दिवस बरा वाटतो. पुढे मानेचे स्नायू कामच सोडून देतात आणि पट्टा काढला की मान पुन्हा धरते. राहिल्या दोन वस्तू आणि काउंटरवर न दिसणारे बाकीचे उपाय. त्यांतून निवडायचं तर दुखणं मानेचं आहे की खांद्याचं, हे आधी पाहून घ्यावं.

आरशासमोर उभं राहून मान दोन्ही बाजूंना वळवा, मग कान खांद्याकडे न्या. यात कळ उठली तर मूळ बहुधा मानेत आहे. मान मोकळी फिरते, पण हात पाठीमागे नेऊन हूक लावता येत नाही किंवा मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, तर खांद्याकडे बघा. घरातल्या कुणाला तरी तो हात सावकाश वर उचलायला सांगा. दुसऱ्याने उचलूनही हात ठराविक उंचीवर अडत असेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असलेल्यांत हा जास्त दिसतो, नुसत्या शेकाने सुटत नाही आणि पुरता मोकळा व्हायला वर्ष-दोन वर्षंही घेतो. तुम्हाला उचलत नाही पण दुसऱ्याने उचलला की जातो, अशा खांद्यात स्नायू हाडाला जोडणारी दोरी फाटलेली असू शकते. ते लवकर दाखवावं.

काही लक्षणं दिसली तर घरगुती उपायांच्या वाटेला जाऊच नका. हाताला मुंग्या येऊन पकड सुटणं, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, तापासोबत मान ताठ होणं, स्कूटरवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत सरळ डॉक्टर गाठा. छातीत दाब, घाम आणि डावा खांदा किंवा हात दुखणं एकत्र आलं तर बाम शोधत बसू नका, 108 ला फोन करा.

शेक कशाने घ्यावा

रबरी पिशवी स्वस्त, टिकाऊ आणि वीज गेली तरी चालते. पहिल्याच पावसात दिवे जाणाऱ्या गावांत हे महत्त्वाचं आहे. बहुतेक जण चुकतात ते भरताना. दोन लिटरची पिशवी काठोकाठ भरली की ती कलिंगडासारखी गोल होते आणि मानेच्या खळग्यात बसतच नाही. मानेसाठी अर्धीच भरा. गॅस बंद केल्यावर पाच-सात मिनिटं थांबून मगच पाणी ओता. पिशवी ओट्यावर आडवी टेकवून पाणी तोंडापर्यंत आणा म्हणजे आतली हवा निघते, मग बूच फिरवा. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि वॉशरवर दाब येतो. गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. वापरून झाल्यावर उलटी टांगून वाळवा. घडी घालून कपाटात ठेवलेली पिशवी गोव्यातल्या दमट हवेत आतून चिकटते आणि घडीवर चिरते. रबरावर बारीक चिरा दिसल्या की पिशवी टाकून द्या.

विजेचा हीटिंग पॅड मानेवर आणि खांद्यावर छान पसरतो, ऊब एकसारखी देतो आणि गरम पाणी हाताळायचा धोका नसतो. ज्येष्ठ माणूस घरी एकटाच असेल तर हाच बरा, पण आपोआप बंद होणारा घ्या. पॅड लावून झोप लागणं ही यातली खरी भीती. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर भाजल्याचं कळतही नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी कुणीतरी त्वचा बघावी. एकाच जागी रोज फार गरम शेक घेतला तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. ते दिसले की शेक थांबवा.

प्लग लावून दहा मिनिटांत तापणारी, आत द्रव भरलेली ‘इलेक्ट्रिक बॅग’ही मिळते. ती घेऊ नये. पिशवीची गळती आणि विजेचा धोका एकाच वस्तूत आणून ठेवलेला आहे.

मिठाची पुरचुंडी जुनी आहे, पण एका कामाला आजही तिला तोड नाही. पाठीच्या फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) कडेला जो एकच बिंदू ठसठसतो, तिथे नेमकी तीच पोचते. पाव किलो जाडं मीठ लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर परतून दुहेरी सुती फडक्यात बांधायचं. पावसाळ्यात मीठ पाणी सोडतं. ते तडतडायचं थांबेपर्यंत भाजलं नाही तर आतली ओल वाफ होऊन बाहेर पडते आणि चटका बसतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. पुरचुंडी पाच-सात मिनिटांत निवते, तेव्हा दोन बांधा, एक तव्यावर आणि एक हातात. हा शेक स्वतःचा स्वतः घेता येत नाही, हीच त्याची अडचण.

कशानेही घेतला तरी शेक पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. नुकताच मार लागून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, एकावेळी दहा-पंधरा मिनिटं.

जेल की बाम

बाममध्ये मेंथॉल, कापूर, मिथाइल सॅलिसिलेट असतं. त्वचेला थंड-गरम वाटतं आणि मेंदूचं लक्ष दुखण्यावरून हटतं. सूज त्याने उतरत नाही. रात्री झोप लागावी एवढीच अपेक्षा असेल तर बाम ठीक आहे. डायक्लोफेनॅक जेल हे औषध आहे. दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने लावून दोन-तीन दिवस तरी द्यावे लागतात. गुडघा, बोटं अशा त्वचेच्या जवळ असलेल्या सांध्यांत ते जास्त उपयोगी पडतं, खांद्याच्या खोल सांध्यात आणि मानेच्या खोल स्नायूंत कमी. ऊन लागणारी जागा झाका आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.

जेल लावून वर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनेची गोळी घेणं म्हणजे एकाच जातीच्या औषधाची मात्रा वाढवणं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करायची गोळी, अॅस्पिरिनने दमा होणं किंवा गरोदरपण असेल तर जेलसुद्धा विचारूनच घ्या. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेटचा बामही टाळावा. आणि बाम किंवा जेल लावलेल्या जागेवर शेक घेऊ नये, त्वचा भाजते. घरोघरी हमखास होणारी चूक हीच.

उशी विकत घेण्याआधी

कुशीवर झोपणाऱ्याला कानापासून खांद्याच्या टोकापर्यंतची पोकळी भरेल एवढी उंच उशी लागते, पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून कमी. पोटावर झोपणाऱ्याची मान रात्रभर एका बाजूला पिळलेली असते, तिथे कुठलीच उशी कामाची नाही. महागडी उशी मागवण्याआधी आंघोळीचा टॉवेल घड्या घालून उंची ठरवा. चार-पाच रात्री एक घडी कमी, मग एक जास्त. ज्या उंचीवर सकाळी मान मोकळी वाटते ती पट्टीने मोजा आणि तेवढीच उशी घ्या.

कापसाची उशी स्वस्त आणि गार, पण पावसाळ्यात ओल धरते, गोळे होतात आणि उंची रात्रीतल्या रात्रीत बसते. ऊन पडलं की वाळवा आणि वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घ्या. मेमरी फोम आकार चांगला धरतो, पण पंख्यावर झोपणाऱ्यांना मे महिन्यात मानेला घाम आणतो. ए.सी. नसेल तर पैसे लेटेक्सवर घालवलेले बरे.

नारळ, दोरी, स्कूटर

हुमणाला (माशांच्या आमटीला), तोंडाकला (नारळाच्या वाटणाच्या रस्साभाजीला) रोज नारळ लागणाऱ्या घरात दुखण्याचं मूळ बऱ्याचदा आदोळीवर (नारळ खोवायच्या विळीवर) असतं. जमिनीवर बसून मान खाली, एक खांदा वर आणि मनगट सतत फिरतं. स्वयंपाकघरातला एकच बदल करायचा असेल तर हा करा. ओट्याला स्क्रूने आवळायची, दांडा फिरवायची खोवणी सगळ्यात भक्कम, पण तिला ओट्याची कड बाहेर आलेली लागते. ग्रॅनाइटची कड गोल घासलेली असेल तर क्लॅम्प सरकतो, खाली रबराचा तुकडा घाला. तळाला व्हॅक्यूम असलेली खोवणी गुळगुळीत टाइलवर घट्ट बसते, खरबरीत फरशीवर किंवा तेलकट ओट्यावर सुटते. बसवण्याआधी जागा पुसून रबराची कड किंचित ओली करा. खांदा फारच दुखत असेल तर वाटीतून खोबरं सोडवून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. चव थोडी बदलते, तक्रार झाली तर होऊ द्या.

ओटा कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटीमीटर खाली असावा. उंच ओटा बुटक्या माणसाचे खांदे कानापाशी नेतो. पायाखाली लाकडी पाट घ्या, ओटा तोडायची गरज नाही. पावसाळ्यात बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) उंच बांधलेली कपड्यांची दोरी खांद्याच्या उंचीवर आणा. स्कूटरवर एका खांद्याला अडकवलेली जड पिशवी पुढच्या हुकाला लावा. फोन वाकून बघण्यापेक्षा डोळ्यांपुढे उचलून धरा. माणसाचं डोकं पाचेक किलोचं असतं आणि ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो.

मालिश, यंत्र की व्यायाम

कोमट नारळेल (खोबरेल) किंवा तिळाच्या तेलाची दहा मिनिटांची मालिश सुखाची असते, पण तिचा आराम काही तासांचा. मानेच्या पुढच्या बाजूला दाब देऊ नये, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. सलूनमध्ये केस कापल्यावर मान झटका देऊन वाजवून घेणं बंदच करा. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. मसाज गन खांद्याच्या मांसल भागावर सर्वांत कमी वेगाने एक-दोन मिनिटं चालेल, मानेवर नाही. आधीच घरात असेल तर वापरा, नव्याने घेण्याजोगी ती नाही.

टिकणारा फरक पडतो तो व्यायामाने, आणि त्याला खर्च काहीच नाही. भिंतीला पाठ लावून बसा, नजर समोर. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढा, पाच सेकंद धरा, असं दहा वेळा. दोन्ही फरे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद, दहा वेळा. मग खुर्चीची कड एका हाताने धरून कान उलट खांद्याकडे न्या, वीस-तीस सेकंद, प्रत्येक बाजूने तीनदा. शेवटी कपाळाला तळवा लावून डोकं पुढे आणि हात मागे असं एकमेकांवर रेटा, मान हलू न देता पाच सेकंद. मागून आणि दोन्ही बाजूंनीही तेच. मान गोल गोल फिरवू नका. ताण जाणवायला हवा, कळ हातात उतरायला नको. शेक घेतल्या घेतल्या केले की अंग लवकर सैल होतं. रोज केले तर फरक कळायला चार ते सहा आठवडे जातात. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात सोडतात आणि मग पट्ट्याकडे वळतात.

बाहेर कुणाकडे

दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांत ही सोय आहे. तिथे रांग असते. खासगीत वेळ ठरवून मिळते आणि काही जण घरीही येतात. दर बैठकीला फक्त यंत्र लावून, शेक देऊन घरी पाठवत असतील तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारा की घरी करायचे व्यायाम कोणते. उत्तर नसेल तर दुसरीकडे जा.

आयुर्वेदाकडे वळायचं तर शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय आणि 2022 मध्ये धारगळला सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे दोन पर्याय आहेत. ग्रीवा बस्तीत उडदाच्या पिठाचं कडं मानेवर बसवून आत कोमट तेल धरतात. आखडलेल्या स्नायूंना ते मानवतं. पण हात बधिर किंवा दुबळा झाला असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

एक्स-रे स्वतःहून काढत बसू नका. चाळिशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज काहीच न दुखणाऱ्यांच्या फिल्मवरही दिसते. रिपोर्टवर ‘स्पॉन्डिलोसिस’ (म्हणजे हीच झीज) लिहून आलं म्हणून हनुवटीचा व्यायाम थांबवायचं कारण नसतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तरच थांबवा.