अनुभवाचा दाखला : त्रोटक की तपशीलवार?

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील नोकरी सोडताना कामगाराच्या हाती बहुधा ‘सदर इसम आमच्याकडे अमुक ते अमुक तारखेपर्यंत टर्नर म्हणून कामास होते’ एवढाच त्रोटक दाखला पडतो. पद आणि कालावधी सिद्ध करण्यास तो पुरतो, आणि आसपासच्या कारखान्यांत त्यावर निभावतेही. तपशीलवार दाखल्यात मात्र प्रत्यक्ष कोणती यंत्रे चालवली, काम पूर्णवेळ होते की अर्धवेळ, हेही नोंदवलेले असते; कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी (कुशल कामगारांनी तिथे स्थायिक होण्याकरिता अर्ज करण्याची पद्धत) तर मुख्य कामे, आठवड्याचे तास आणि वार्षिक वेतन यांचा उल्लेख लागतोच. ‘प्रामाणिक व होतकरू’ ही स्तुती दोन्हींत शोभेपुरतीच. माझ्या मते तपशीलवार मजकूरच लेटरहेडवर, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह, नोकरी सोडण्यापूर्वी मागून घ्यावा.