स्केटबोर्डिंगच्या वर्गातील ‘इम्पोर्टेड किट’ आणि आमचे १७,५०० रुपये

सुट्टीच्या तोंडावर मुलांना स्केटबोर्डिंगच्या वर्गात घालण्याचा विचार करणाऱ्या आणि हेल्मेट, पॅड वगैरे सामान त्या वर्गाकडूनच घेण्याच्या बेतात असलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे. वर्ग पुण्यातला आहे. त्याचे नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि आमच्या वकिलांनी तशी सक्त ताकीद दिली आहे. आकडे मात्र एकही लपवणार नाही. माझा दहा वर्षांचा मुलगा आणि जाऊबाईंची बारा वर्षांची मुलगी यांच्यासाठी आम्ही प्रत्येकी ८,७५० रुपये मोजले: हेल्मेट ३,४०० रुपये, गुडघ्यांचे व कोपरांचे पॅड २,८५० रुपये, मनगटाचे गार्ड १,५०० रुपये आणि ‘अपघात विमा’ १,००० रुपये. शिकवणीची फी निराळी. पहिल्या तीन वस्तूंपैकी एकही सांगितली तशी नव्हती आणि चौथी तर अस्तित्वातच नव्हती.

शाळेचा गणवेश एकाच दुकानातून घ्यायला लावण्याची रीत आपण सगळे जाणतो, तेव्हा वर्गाने सामान गळ्यात मारणे यात नवे काही नाही. पण येथे ते मारले जात होते मुलांच्या सुरक्षिततेच्या नावाने, आणि तेही अशा माणसाकडून, जो किट घातल्याशिवाय कोणालाही बोर्डावर पाऊल ठेवू देत नव्हता. पालकांच्या बैठकीत सरांनी २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तेराव्या वर्षी कांस्यपदक मिळवणाऱ्या स्काय ब्राउनची हकीकत सांगितली. त्याआधी २०२० मध्ये सराव करताना ती उंचावरून कोसळली होती, कवटीला फ्रॅक्चर झाले होते, मनगट मोडले होते, आणि हेल्मेट होते म्हणून ती वाचली असे तेव्हा सांगितले गेले होते. ही हकीकत खरी आहे. मी नंतर पडताळून पाहिली. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडचे नावही त्यांनी घेतले, तेही खरेच होते. इतके खरे बोलून झाल्यावर माणूस शेवटी एक खोटी वस्तू विकेल, असा संशय कोणत्या आईबापांच्या मनात येतो? सुरक्षेचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाशी घासाघीस करणे मलाच कानकोंडे वाटले, आणि तसे ते वाटावे हीच त्याची सोय होती.

आता तो क्षण सांगते, जो आठवला की आजही माझी झोप उडते. वर्गाच्या व्हॉट्सॲप संदेशात हेल्मेट ‘युरोपियन मानक ईएन १०७८ प्रमाणित’ असल्याचे लिहिले होते. किट घ्यायला गेले तेव्हा तेथला मदतनीस टेबलावर बसून एका रोलवरची चंदेरी लेबले सोडवून हेल्मेटांवर चिकटवत होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. लेबलावर ‘ईएन १०७७’ असे छापलेले होते, तेही पाहिले, आणि विचारलेसुद्धा. सर म्हणाले, “ताई, हा इम्पोर्टेड माल आहे. लेबल इथे आल्यावरच लावावे लागते, कायदाच तसा आहे. आणि १०७७ काय नि १०७८ काय, एक जुना नंबर, एक नवा.”

मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते आणि आयात मालाची कागदपत्रे माझ्या हाताखालून जातात. आयातदाराचे नाव-पत्ता, किंमत, महिना असा मजकूर असलेले लेबल परदेशी मालावर भारतात आल्यावर लावले जाते, हे मला पक्के ठाऊक होते. त्यामुळे त्याचे उत्तर मला पटले. ज्याला यातले काहीच कळत नाही तो कदाचित तेथेच थबकला असता. मला थोडे कळत होते, म्हणून मी पुढे गेले. आयातदाराचे लेबल वेगळे आणि सुरक्षेच्या मानकाची खूण वेगळी. ती खूण उत्पादक करतो, वर्गातला मदतनीस नव्हे. राहिला आकडा. ईएन १०७७ हे बर्फावर स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग करणाऱ्यांच्या हेल्मेटचे मानक आहे, तर सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट्ससाठी ईएन १०७८ असते. त्यात जुने-नवे असे काही नाही. ज्याने लेबल छापले त्याला हेही ठाऊक नव्हते, आणि मी प्रश्न विचारूनसुद्धा त्याच्या अज्ञानाचे पैसे मीच भरले! जे आज मला म्हणतात की “एवढी शिकलेली बाई फसते कशी”, त्यांच्यापैकी किती जण हेल्मेट उलटे करून आतला आकडा वाचतात, हे मला जाणून घ्यायचे आहे.

खऱ्या ईएन १०७८ हेल्मेटवर केवळ आकडा नसतो. उत्पादकाचे नाव, मॉडेल, हे हेल्मेट कोणासाठी आहे याचा स्पष्ट उल्लेख, डोक्याचे माप, वजन, आणि उत्पादनाचे वर्ष व तिमाही एवढे सगळे त्यावर असावे लागते. यातले एक जरी नसेल तरी हेल्मेट परत ठेवा आणि घरी या.

आमच्या हेल्मेटवर मागच्या बाजूला आयएसआयची खूणही होती, म्हणजे फसवणुकीवर आणखी एक फसवणूक. हेल्मेटवर जी आयएसआय खूण आपण नेहमी पाहतो ती आयएस ४१५१ या मानकाची, म्हणजे मोटारसायकल-स्कूटर चालवणाऱ्यांच्या हेल्मेटची असते. स्केटबोर्डच्या हेल्मेटवर तिचे काही काम नाही. त्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे ते दिसते. आमच्या हेल्मेटवरचा क्रमांक भलत्याच उत्पादकाचा निघाला. ही तपासणी फुकट आहे, दुकानात उभे राहून होते, करा.

पैशांबद्दलही सांगून टाकते. पक्के बिल मागितले तर “वर जीएसटी पडेल” असे उत्तर मिळाले आणि रक्कम वर्गाच्या नावे न जाता एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यात गेली. पावती म्हणून साध्या पावती-पुस्तकातले एक पान मिळाले, ज्यावर ‘किट २ नग’ एवढेच लिहिलेले आहे. बिल नाही तर खरेदी नाही, असे मी ऑफिसात रोज लोकांना ऐकवते.

मुलगा पडला तो काही मोठ्या उतारावरून नव्हे. सपाट जागेवर बोर्ड पुढे सटकला, तो मागे गेला आणि स्वतःला सावरायला हात टेकला. नवशिके असेच पडतात, म्हणून तर मनगटाचे गार्ड वापरतात: त्यातली कडक पट्टी मनगट मागे दुमडू देत नाही आणि तळहाताकडची टणक बाजू जमिनीवर घसरते, त्यामुळे सगळा भार हाडावर येत नाही. आमच्या १,५०० रुपयांच्या गार्डमध्ये पट्टीच्या जागी पातळ, लवचीक प्लास्टिक शिवून टाकलेले होते, जे मी नंतर दोन बोटांनी वाकवले. मनगटाजवळचे हाड मोडले. एक्स-रे, प्लास्टर, औषधे आणि तपासण्या मिळून १४,२६० रुपये खर्च आला. खरेदी करताना गार्डची पट्टी हाताने वाकवून पाहा. वाकली तर ते गार्ड नव्हे, हातमोजा आहे. अशा पॅड-गार्डसाठी ईएन १४१२० हे मानक आहे, तेही विचारा, आणि उत्तर देताना विक्रेत्याचा चेहरा पाहा.

डोक्याला मार लागला नाही ही देवाची कृपा, कारण त्याच पडण्यात हेल्मेट जमिनीला जेमतेम टेकले तरी त्याचे कवच कानापर्यंत तडकले. घरी आणून आम्ही ते कापले. आत पॅकिंगला वापरतात तसल्या भुसभुशीत थर्माकोलचा पातळ थर आणि त्यावर स्पंज चिकटवलेला. हे सरांना दाखवल्यावर त्यांनी तयार ठेवलेले उत्तर दिले: “मॅडम, सगळ्याच हेल्मेटांत थर्माकोल असतो.” येथेच या माणसाची हातोटी कळते, कारण वाक्य अर्धे खरे आहे. चांगल्या हेल्मेटमध्येही त्याच जातीचा फोम असतो, पण तो घट्ट, पुरेसा जाड आणि चाचणीत उतरलेला असतो. आघात झाला की तो स्वतः चेपतो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का कमी करतो. चेपलेला फोम पुन्हा मूळ रूपात येत नाही, म्हणून असे हेल्मेट एका जोरदार आपटण्यानंतर बाद करायचे असते. ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट सपाट ऐरणीवर सुमारे दीड मीटर उंचीवरून आपटतात. आमचे हेल्मेट टेबलावरून खाली पडले असते तरी त्याची परीक्षा पुरी झाली असती. कोणाचे वापरलेले हेल्मेट स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, त्यातला फोम आधीच चेपलेला असू शकतो.

विम्याचे तर बोलायलाच नको. रुग्णालयाचे बिल घेऊन पॉलिसी क्रमांक विचारला, तेव्हा सरांनी आमच्याच पावतीचा क्रमांक वाचून दाखवला. कोणत्या कंपनीचा विमा, याला उत्तर नव्हते. कागद हातात पडल्याशिवाय आणि त्यावरील विमा कंपनीला स्वतः फोन करून पॉलिसीची खात्री केल्याशिवाय विम्याच्या नावाने एक रुपयाही देऊ नये.

यानंतर आम्ही दाद मागायला निघालो. पोलीस चौकीत पहिला प्रश्न आला, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” मी लेबल दाखवले, कापलेले हेल्मेट दाखवले, प्लास्टरमधला मुलगा सोबत होता. “खेळताना मुले पडायचीच,” असे म्हणून त्यांनी आम्हाला सायबरकडे पाठवले, कारण पैसे यूपीआयने गेले होते. सायबरवाल्यांनी सांगितले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, कोणी ओटीपी काढून घेतला नाही, तेव्हा हे आमचे काम नाही, चौकीतच जा. चौकीत परत गेलो तर तोवर प्रकरण ‘दिवाणी’ झाले होते. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मागितला, तर साहेब आल्यावर देऊ, आणि साहेब बंदोबस्ताला. ऑनलाइन केलेली तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली, कारण वर्गाने ‘आम्ही किट बदलून देण्यास तयार आहोत’ असे कळवले होते. म्हणजे खोट्या हेल्मेटच्या बदल्यात दुसरे खोटे हेल्मेट घेतले की न्याय पुरा. एका कार्यालयाने खूण खोटी असल्याचे तपासण्यासाठी वस्तू जमा करायला सांगितले, पण जमा केल्याची पावती देता येणार नाही म्हणाले. मग आयोगापुढे मी पुरावा म्हणून काय ठेवायचे, माझा संताप? सर्वांवर कडी केली ती ज्या कार्यालयाकडे आम्ही ‘हा वर्ग कोणत्याही नोंदणीशिवाय चालतो’ अशी तक्रार केली त्याने. त्यांचे लेखी उत्तर माझ्याकडे आहे: सदर वर्ग आमच्याकडे नोंदणीकृत नसल्याने त्याच्यावर कारवाई करता येत नाही. नोंदणी करून, कर भरून, नियम पाळून वर्ग चालवणाऱ्याची चौकशी होऊ शकते. जो काहीच पाळत नाही तो मोकळा. हे वाक्य लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने ते एकदा वाचून तरी पाहिले असेल का?

अर्ज करणाऱ्यांनी एक करावे: प्रत्येक अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, म्हणजे शिक्क्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही. वस्तू कापण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. व्हॉट्सॲपवरील जाहिरात ताबडतोब जपून ठेवावी, कारण आमची तक्रार गेल्याबरोबर वर्गाने मूळ संदेश पुसला. माझ्याकडे त्याचे छायाचित्र होते म्हणूनच आयोगात उभे राहता आले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आयोगापुढे वकिलाशिवायही जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे मला कोणत्याही खिडकीवर कोणीही सांगितले नाही.

जाऊबाईंचे ८,७५० रुपये मी माझ्या खिशातून परत केले, कारण त्यांच्या मुलीला या वर्गात घालण्याचा आग्रह माझा होता. त्यांनी नको म्हटले, पण घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय निघण्यापेक्षा ते बरे. मुलाचे हाड जुळले आहे. आता त्याला दुकानातून, बिल घेऊन, आतली खूण वाचून घेतलेले हेल्मेट आणि गार्ड आहेत. भुवयांच्या वर दोन बोटे राहतील असे ते हेल्मेट बसते आणि पट्टा लावून डोके हलवले तरी सरकत नाही.

वर्ग मात्र दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या नावाने सुरू आहे. त्यांच्या नव्या जाहिरातीत किटची किंमत ९,९०० रुपये आहे, आणि लेबलावर आता ईएन १०७८ असा बरोबर आकडा छापलेला आहे. ही दुरुस्ती त्यांनी माझ्या तक्रारीत वाचून केली, हे उघड आहे. तेव्हा यापुढे केवळ आकडा बरोबर आहे म्हणून विश्वास ठेवू नका. नखाने लेबलाचा कोपरा उचलून पाहा, आणि उत्पादकाचे नाव, माप, वजन, वर्ष व तिमाही मागा.