डिस्क क्लोन करायची, पण विंडोजमधून की क्लोनझिलाने?

जळगावात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हे आमचं रोजचं काम. त्यासाठी जुन्या डिस्कची नवीवर नक्कल, म्हणजेच क्लोन, करावा लागतो. मी दोन्ही मार्ग वापरले आहेत: विंडोजमध्येच चालणारं विकतचं इमेजिंग सॉफ्टवेअर (इमेज म्हणजे डिस्कची साठवलेली नक्कल), आणि पेनड्राइव्हवरून बूट होणारं फुकटचं क्लोनझिला. फाइली दोन्हींनी नीट उतरतात, निदान माझा अनुभव तरी तसाच आहे.

सोय बघाल तर विकतचं पुढे. गिऱ्हाईक बिलं करत असतं आणि मागे इमेज बनत राहते, रोज फक्त बदललेला भाग साठवता येतो, इमेज उघडून एकच फाइलही काढता येते. क्लोनझिलासाठी मशीन अडकून पडतं, पडद्यावर नुसता मजकूर दिसतो, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असली की ते सहसा अडतं.

तरी मी बदललो, ते चार बाइटांमुळे.

एमबीआर, म्हणजे जुन्या मांडणीच्या, डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये (डिस्कच्या लहान तुकड्यात), 440व्या बाइटपासून, चार बाइटांची एक खूण असते. तिला डिस्क सिग्नेचर म्हणतात. क्लोन हुबेहूब असला की ही खूणही तीच येते. एकाच खुणेच्या दोन डिस्क समोर आल्या की विंडोज एकीला ऑफलाइन, म्हणजे वापराबाहेर, ठेवतं, आणि ती तुम्ही ऑनलाइन केलीत की तिच्यावर नवी खूण लिहितं. फाइलींना धक्काही लागत नाही, पण बूटची नोंद, म्हणजे विंडोज कुठून सुरू करायचं ते सांगणारी, जुन्या खुणेवरूनच डिस्क शोधत राहते. जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीच्या, डिस्कवर चारऐवजी 16 बाइटांची ओळख असते, टक्कर तिथेही तशीच.

अमळनेरच्या एका जिनिंगवाल्या दादांची डिस्क मी चालू विंडोजमधून क्लोन केली. काम संपलं तेव्हा दोन्ही डिस्क जोडलेल्याच होत्या. नवीतल्या फाइली बघायच्या म्हणून राइट क्लिक करून ती ऑनलाइन केली. सगळे फोल्डर दिसले, मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी ऐन कापसाच्या हंगामात त्यांच्या ऑफिसात डिस्क बसवली, तर निळ्या पडद्यावर 0xc000000e हा एरर. दादा एकच विचारत होते, "मन्हा हिशोब शे ना भाऊ?" हिशोब होता, सगळाच्या सगळा. पण विंडोज उठेना. शेवटी डिस्कपार्ट या विंडोजच्याच टूलमध्ये युनिकआयडीची कमांड देऊन जुनी खूण परत लिहिली, तेव्हा मशीन सुरू झालं. बाहेर गाड्यांची रांग लागली होती.

क्लोनझिलात ही वेळच येत नाही, कारण क्लोन होताना विंडोज झोपलेलं असतं. काम संपलं की मशीन बंद करायचं, जुनी डिस्क काढायची आणि मगच नवीवरून बूट करायचं. मूळ डिस्कवरही विंडोज मधल्या काळात काही लिहीत नाही. तिथे जपायचं ते दिशेला: एसडीए आणि एसडीबी (क्लोनझिलात दोन डिस्कची दिसणारी नावं) उलटे निवडले तर भरलेली डिस्क रिकामीने पुसली जाते. मी दोन्ही डिस्कवर कागदी पट्टी लावतो, तिच्यावर सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहितो, आणि पडद्यावरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय होकाराचं वाय दाबत नाही. आधी शिफ्ट धरून शट डाऊन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवायची व्यवस्था) अर्धवट उघडं राहतं आणि क्लोनझिला नकार देतं.

एक लक्षात असू द्या. क्लोनझिला एरवी डिस्कचे फक्त वापरातले तुकडे (ब्लॉक) उचलतं. चुकून डिलीट झालेलं परत मिळवायचं असेल तर सेक्टर-टू-सेक्टरचा, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवण्याचा, पर्याय घ्या. डिस्क खटखट आवाज करत असेल तर हे दोन्ही मार्ग सोडा आणि डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कसाठीचं टूल लावा, ते आधी चांगला भाग काढून घेतं.

घरच्या एका लॅपटॉपचा रोजचा बॅकअप हवा असेल तर विकतचं घ्यायला माझी हरकत नाही. डिस्क बदलून दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल, तर मी क्लोनझिलाचा पेनड्राइव्हच काढतो.